ओला ठेवायचा पडदा

आरमोरीपासून तेरा किलोमीटरवर एका मामा तलावाच्या पाळीखाली ढिवरांची चाळीस घरं आहेत. मामा म्हणजे माजी मालगुजारी. मालगुजार गेले, मालगुजारी गेली, ‘माजी’ तेवढं तलावाला चिकटून राहिलं. या वस्तीत प्रत्येक अंगणात दोन खुंटांवर एक लांब बांबू आडवा टाकलेला असतो. पाण्यातून आलेलं जाळं विहिरीच्या पाण्यात खंगाळायचं, त्या बांबूवर पसरायचं, आणि ते वाळत असताना बोटांनी चाचपत दोऱ्यांची फाटलेली घरं शोधायची. कोणी ओलं जाळं तसंच कोपऱ्यात कोंबलं, तर त्या घरात मुलगी द्यावी की नाही याची चर्चा होते.

ही रीत सुताच्या जाळ्यांची. सुताचं जाळं ओलं राहिलं की कुजतं. गेली तीस-पस्तीस वर्षं सगळी जाळी नायलॉनची आहेत. नायलॉन पाण्यात कुजत नाही, उलट उन्हातच त्याचा जीव जातो. हे वस्तीत सगळ्यांना माहीत आहे, आणि सगळे जाळी उन्हात वाळवतात.

इंदिराबाई मारबते या वस्तीत सून म्हणून आल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी सासूने त्यांच्यापुढे ओलं जाळं टाकलं आणि काही न बोलता पाहत बसली. इंदिराबाईंनी ते खंगाळून वाळवलं. परीक्षा संपली. पुढची चौतीस वर्षं त्यांनी या विषयात कोणाला बोट ठेवायला जागा दिली नाही. पुढे जे झालं ते याच कारणाने झालं.

त्यांचे पती उमाजीभाऊ सत्तावन्न वर्षांचे आहेत. बोलतात कमी, पण जे बोलतात ते दोनदा बोलतात, कारण पहिल्यांदा कोणी ऐकत नाही. जाळं विणण्यात आणि सांधण्यात त्यांचा हात धरणारा वस्तीत कोणी नाही. बोटं खडबडीत, डोळा मात्र असा, की पाळीवर उभं राहून खाली पसरलेल्या जाळ्यातलं तुटलेलं घर दाखवतील.

तीन वर्षांपूर्वी चंद्रपूरच्या एका संस्थेने वस्तीतल्या मच्छीमार सोसायटीला मासळीसाठी थंड खोली दिली. छतावर सौर पट्ट्या, आणि सूर्य बुडाल्यावरच्या वेळेसाठी बॅटरी. ही बॅटरी ट्रॅक्टरच्या बॅटरीसारखी नव्हती. माणसाच्या उंचीच्या दोन टाक्या, दोन्हींत आम्लात विरघळवलेला व्हॅनेडियम नावाचा धातू, दोन पंप, आणि मधोमध जाड पाट्यांमध्ये बोल्टने आवळलेला एक साचा. साच्यात बारा चौकटी आणि प्रत्येक चौकटीत कागदासारखा पातळ एकेक पडदा. पंप दोन्ही टाक्यांतलं पाणी पडद्याच्या दोन अंगांनी फिरवत राहतात. पडद्याने फार बारीक कण तेवढे पलीकडे जाऊ द्यायचे आणि धातूला अडवायचं. एवढं त्याला जमलं तर वीज, नाही जमलं तर नुसतं रंगीत पाणी. संस्थेच्या माहितीपत्रकात या पडद्याला ‘बहुवारिक पटल’ म्हटलं आहे. वस्तीत अजून कोणी म्हटलेलं नाही.

उद्घाटनाला आलेल्या साहेबांनी भिंतीवर चित्रं दाखवत हे तासभर समजावलं आणि विचारलं, “समजलं का?”

“समजलं जी,” मागून उमाजीभाऊ म्हणाले. “जाळ्याचं घर. पिल्लू जाऊ द्याचं, मोठी मासोळी अडवाची.” कोणी वळलं नाही, म्हणून त्यांनी ते पुन्हा म्हटलं.

साहेबांच्या अजून बरीच चित्रं शिल्लक होती, पण ती दाखवण्यात अर्थ उरला नाही. उमाजीभाऊ यंत्राचे चालक झाले.

पडदा बनवणारी दामिनी बल्लारपूरची. तिचे वडील कागद कारखान्यात होते. ओला कागद यंत्रावरून उतरताना कुठे तुटणार, हे ते दहा फुटांवरून ओळखत, असं ती सांगते. परदेशातून येणारा पडदा फार महाग, म्हणून संस्थेच्या प्रयोगशाळेत तिने स्वतःचा बनवला. बहुवारिकाचं, म्हणजे एका जातीच्या प्लॅस्टिकचं, दाट द्रावण काचेवर ओतायचं, पात्याने सारखं ओढायचं, भट्टीत सुकवायचं, सोलून काढायचं, आम्लात भिजवायचं, आणि एकदा भिजवला की मग मरेपर्यंत ओला ठेवायचा. स्वस्त पडद्याची ही एकच अट. पुन्हा वाळला की तो आक्रसतो आणि तडकतो. माहितीपत्रकात आणखी एक अट होती, की यंत्र चाळीस अंशांच्या खाली ठेवावं. गडचिरोली जिल्ह्यात चैत्र-वैशाखात ती पाळायची तर यंत्राला दोन महिने बाहेरगावी पाठवावं लागेल. ती अट सगळ्यांनी मिळून विसरायचं ठरवलं.

अडीच वर्षं बॅटरी बरी चालली. या फेब्रुवारीत मात्र ती पहाटेपर्यंत टिकण्याऐवजी दिवेलागणीनंतर दोन तासांतच मान टाकू लागली. दामिनी आली. दोघांनी साचा उघडला. बाराही पडदे सारखेच दिसत होते. उमाजीभाऊंनी एकेक पडदा चारही कोपऱ्यांनी धरून त्याची झोळी केली, तिच्यात ओंजळभर पाणी घातलं आणि खालून पाहत राहिले.

“हा. खालचा कोपरा. सुईच्या टोकाएवढं.”

“मले तं काईच दिसत नाई, भाऊ.”

“थांबा. थेंब धरते पाहा.”

दोन मिनिटांनी थेंब धरला. भोक उपकरणाशिवाय सापडलं, असं दामिनीने वहीत लिहून घेतलं.

एक पडदा फाटला की बाकीच्या अकरांचं काही चालत नाही. दोन्ही टाक्यांचं पाणी तिथून एकमेकांत शिरतं आणि साठवलेली वीज आपोआप विरून जाते. तो एक पडदा काढून अकरांवर चालवून पाहिलं, तर यंत्राच्या डोक्यात बाराच लिहिलेले होते. ते सुरूच होईना. फाटका पडदा परत बसवला. साचा कसा उघडायचा, बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीने कसे आवळायचे, हे दामिनीने उमाजीभाऊंना शिकवलं आणि नवा पडदा बनवायला ती चंद्रपूरला गेली.

घाई कशाची होती ते सांगायला हवं. मे महिन्याच्या सुरुवातीला तलावाचं पाणी गुडघ्याखाली येतं आणि सोसायटी तलाव मारते, म्हणजे एका दिवसात सगळी मासळी काढते. ब्रह्मपुरीचा व्यापारी बर्फाची गाडी घेऊन पाळीवर येतो. त्या उन्हात मेलेली मासळी संध्याकाळपर्यंतच मासळी असते. हे व्यापाऱ्याला ठाऊक असतं, त्यामुळे भाव तो ठरवतो. खोलीत मासळी तीन दिवस राहिली, तर आरमोरीचा बाजार गाठता येतो, नागपूरची गाडी बोलावता येते. गेल्या दोन वर्षी तसंच झालं होतं. व्यापारी रिकामी गाडी घेऊन परत गेला होता आणि जाताना यंत्राच्या खोलीकडे पाहून थुंकला होता. मार्चच्या बैठकीत उमाजीभाऊंनी सांगितलं, की यंदाही खोली चालेल. मग पुन्हा सांगितलं. हा शब्द दिला नसता तरी चाललं असतं, पण दिला.

सोसायटीचा अध्यक्ष अमर हा वयाने लहान आणि तोंडाने मोठा माणूस. तो रोज येताजाता विचारायचा, “भाऊ, नाईच चालली मशीन तं तुमच्या दोन टाक्यांत मागूर मासोळी सोडू का? पंप तं हायेच.”

नवा पडदा मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात तयार झाला. पुढे तो महिनाभर चंद्रपुरातच होता. जुना पडदा परत आल्याशिवाय नवा देता येत नाही, आणि नवा हातात आल्याशिवाय जुना काढू नये, अशा दोन सूचना एकाच कार्यालयातून तीन दिवसांच्या अंतराने आल्या. उमाजीभाऊंनी दोन्ही जपून ठेवल्या आहेत. मग ‘बिघाडाचे कारण’ म्हणून एक तक्ता आला. त्यात आग, पूर, चोरी आणि वन्यप्राणी एवढे पर्याय होते. भोक नव्हतं. दामिनीने शेवटी काय केलं कोण जाणे, पण एकोणतीस एप्रिलला उमाजीभाऊंच्या मोबाइलवर निरोप आला, की पार्सल आरमोरीच्या कुरिअर दुकानात पोचलं आहे.

ते सकाळच्याच बसने निघाले. त्याच वेळी या वाटेवर प्रवासी नेणारा विनोद आपली काळीपिवळी जीप घेऊन आरमोरीहून येत होता. कुरिअरवाल्याने ओळखीने पार्सल त्याच्याकडे दिलं होतं. बस आणि जीप अर्ध्या वाटेत समोरासमोर आल्या. विनोदने हात केला. उमाजीभाऊंनीही केला.

विनोदने पार्सल इंदिराबाईंच्या हातात दिलं. बाहेर बाण काढले होते, कोणती बाजू वर ते कळावं म्हणून. आत प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत पाणी, पाण्यात एक बुळबुळीत पिवळसर कापडासारखं काहीतरी. सोबत सूचनेचा कागदही होता. तो पिशवीच्या आतच ठेवलेला असल्यामुळे त्याचा लगदा झाला होता. इंदिराबाईंना एवढं माहीत होतं, की हे यंत्रातलं जाळं आहे, पाणी गाळतं, आणि नवरा त्याची दोन महिने वाट पाहतो आहे. ओल्या अवस्थेत ते ज्या बाईने पाठवलं, तिला सासू नसावी, असं त्यांना वाटलं. त्यांनी ते हलक्या हाताने खंगाळलं, पिळलं नाही, बांबूवर पसरलं, वाऱ्याने उडू नये म्हणून चार चिमटे लावले. वाळत असताना बोटांनी चाचपून पाहिलं. एकही भोक नव्हतं. त्या समाधानाने स्वयंपाकाला गेल्या.

उमाजीभाऊ दुपारी दोनला उन्हाने लाल होऊन परतले.

“कुठी गेलते? पार्सल तं इथी आलं.”

“कुठी हाये?”

“वाळून राह्यलं.”

उमाजीभाऊ अंगणाच्या दारातच बसले. मग म्हणाले, “काऊन वाळवलं वो?”

“काऊन म्हंजे? वल्लं होतं.”

उमाजीभाऊंनी बांबूकडे बोट केलं. “वल्लंच ठेवाचं असते ते.”

“मंग सांगाचं ना जी! तीन सालापासून आयकून राह्यली मी. पडदा असा, पडदा तसा, पिल्लू जाते, मासोळी अडते. वल्ला ठेवाचा, हे एक सोडून सारं सांगतलं तुमी मले.”

हे खरं होतं. पडदा कायम साच्यात, पाण्यात. वेगळं काही सांगावं लागेल, असं त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांनी चिमटे काढले. पडदा चारही बाजूंनी बोटभर आखडला होता आणि हलवला की उडदाच्या पापडासारखा वाजत होता.

वस्तीत मोबाइलला रेंज फक्त पाळीवर मिळते. तिथून त्यांनी दामिनीला फोन केला. झालं ते सांगितलं.

“तडा दिसते का, भाऊ?”

“दिसत तं नाई. पन वाजून राह्यला.”

“एक दिवस-रात्र साध्या पान्यात भिजवा. मंग बसवून पाहू. मीच आली असती, पन दौऱ्याची मंजुरी आठ दिवसांनी होते.”

पडदा घमेल्यात भिजत पडला. इंदिराबाई त्याच्याजवळून हलल्या नाहीत. शरम आणि राग यांतलं नक्की काय होतं, हे त्यांनाही सांगता येत नाही. पडदा फुगला, पण एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी. चौकटीत तो ताणून बसवावा लागला.

एक मेच्या सकाळी उमाजीभाऊंनी साचा आवळायला घेतला. दामिनी फोनवर होती, म्हणजे पाळीवर होती. ते पाळीवर चढायचे, दोन बोल्टांची सूचना ऐकायचे, उतरायचे, दोन बोल्ट आवळायचे, पुन्हा चढायचे. बोल्ट सोळा होते. अमर झाडाखाली बसून मोजत होता.

“भाऊ, फोनलेच मशीनजवळ आना ना.”

“रेंज नाई तिथी.”

“मंग मशीनले पाळीवर न्या.”

दुपारी सौर पट्ट्यांवर बॅटरी भरायला लावली. यंत्राच्या पुढच्या अंगाला दोन काचेच्या नळ्या आहेत. भरत आली की एकीत जांभळं पाणी दिसतं, दुसरीत पिवळं. तीन वाजले, चार वाजले. दोन्ही नळ्यांत एकच रंग होता, तलावातल्या शेवाळासारखा निळा-हिरवा. पडद्याला कोपऱ्यात उभा तडा गेला होता.

“पानी नाई बिघडलं, भाऊ,” दामिनी म्हणाली. “दोन्हीकडं धातू एकच हाये. चांगला पडदा लागला का परत वेगळं होते.”

“आनि चांगला पडदा?”

“भट्टी आठ तारखेपर्यंत दुसऱ्याच्या नावानं हाये.”

तलाव तीन तारखेला मारायचा होता. पाणी इतकं उतरलं होतं, की मासळी वर येऊन तोंडं उघडत होती. तिला आठ तारीख सांगून उपयोग नव्हता.

तीन तारखेला पहाटे जाळी पडली. रोहू, कतला, आणि चिल्लर मासळीचे ढीग. यंदा तलाव चांगला फळला होता, म्हणजे नेमका चुकीच्या वर्षी. मासळी थंड खोलीत गेली. दिवसभर खोली उत्तम चालली, कारण छतावर सूर्य होता. व्यापाऱ्याने गाडी पाळीवर लावली आणि यंत्राच्या खोलीच्या सावलीत येऊन बसला. भावाचं काही बोलला नाही. चहा प्यायला, पान खाल्लं. मधून मधून तो हाताचा आडोसा करून सूर्याकडे पाहायचा. चार वाजता अमर त्याच्यापाशी गेला.

“शेठ, बोला ना काई.”

“घाई कायले? खोली हाये ना तुमची.”

सहाच्या सुमाराला पट्ट्यांवर सावली आली. आतला घरघर आवाज बंद झाला. व्यापारी उठला, कपडे झटकले आणि भाव सांगितला. तो खोली येण्याआधीच्या भावापेक्षाही कमी होता. मोठी मासळी अर्ध्या तासात त्याच्या गाडीत गेली. चिल्लर त्याने घेतलीच नाही. उमाजीभाऊंकडे त्या संध्याकाळी कोणी बोट दाखवलं नाही. कोणी त्यांच्याशी बोललंही नाही. अमरसुद्धा नाही, आणि तेच जास्त लागलं.

चिल्लर मासळी इंदिराबाईंनी घेतली. सकाळी वस्तीतल्या बायकांना गोळा करून त्यांनी ती चिरली, मीठ लावलं आणि चाळीस अंगणांतल्या बांबूंवर, खाटांवर, छपरांवर वाळत घातली. चार दिवसांत एकशे चाळीस किलो सुकट झाली. वाळवण्यात त्या वस्तीचा हात धरणारं कोणी नाही, हे वर आलंच आहे.

दर महिन्याला यंत्राची माहिती मोबाइलच्या ॲपवर भरावी लागते. ‘जतन केलेला माल’ या चौकटीत उमाजीभाऊंनी सुकट लिहिली, कारण दुसरं काही जतन झालंच नव्हतं. पुढे ‘कशावर’ असा प्रश्न होता आणि पर्याय तीन होते: वीज, बॅटरी, सौर. त्यांनी खरं तेच निवडलं. जूनमध्ये संस्थेचा अहवाल आला. त्यात या वस्तीच्या नावापुढे ‘सौरऊर्जेवर जतन केलेली मासळी: एकशे चाळीस किलो, तोटा: शून्य’ असं छापून आलं आणि शेजारच्या तालुक्यातल्या दोन गावांना अशीच यंत्रं मंजूर झाली. त्याच टपालात उमाजीभाऊंना दुसरं पत्र होतं. साचा विनापरवानगी उघडल्याबद्दल लेखी खुलासा करावा आणि यापुढे अधिकृत तंत्रज्ञाशिवाय बोल्टला हात लावू नये. अधिकृत तंत्रज्ञ एकच आहे आणि त्याची नेमणूक प्रक्रियेत आहे.

जुलैत दामिनीचा दुसरा पडदा आला. या वेळी विनोदने तो उमाजीभाऊंच्या हातात देऊन सही घेतली. पिशवीच्या बाहेर जाड पेनाने मराठीत लिहिलं होतं: ‘इंदिराबाई, हा पाण्यातच ठेवा. दामिनी.’

इंदिराबाईंनी ते अमरकडून दोनदा वाचून घेतलं. मग घमेलं घासलं, पाणी भरलं, पडदा त्यात सोडला, वर सूप झाकलं. रोज सकाळी पाणी बदलायचं. कोंबड्यांना जवळ येऊ द्यायचं नाही. घरात येणाऱ्याने आधी तिकडे पाहून ‘वल्ला हाये ना?’ असं विचारायचं, ही टवाळी वस्तीत रीत झाली. उमाजीभाऊ दर सोमवारी पाळीवर जाऊन कार्यालयाला फोन करायचे. तंत्रज्ञ प्रक्रियेत असायचा. ऑगस्टमध्ये तलाव भरला, माशांचं नवं बीज सोडलं गेलं. तंत्रज्ञ प्रक्रियेतच होता.

सप्टेंबरातल्या एका सोमवारी ते फोन करून उतरले, तेव्हा इंदिराबाई घमेल्यातलं पाणी बदलत होत्या.

“काय म्हन्ते आफिस?”

“पाहून राह्यले म्हन्ते.”

“दोन महिने झाले. मासोळी असती तं आतापावेतो अंडे घातले असते तिनं.”

उमाजीभाऊ आत गेले आणि बोल्ट आवळायचे पाने घेऊन बाहेर आले. “घमेलं उचल,” ते म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणावं लागलं नाही.

या वेळी पाळीवर कोणी चढलं नाही. सोळा बोल्ट त्यांना पाठ झाले होते. ते चौकट लावत होते तेवढा वेळ इंदिराबाई पडद्यावर ओंजळीने पाणी शिंपडत होत्या आणि दारातून ऊन आत येत होतं तिथे पदर धरून उभ्या होत्या. दुपारी दोनला एका नळीत फिकं जांभळं दिसू लागलं. तीनला दुसरीत पिवळं. दुसऱ्या दिवशी पहाटे खोलीचा आवाज चालू होता.

ॲपवर बॅटरीपुढे अजून ‘बंद’ असंच आहे. ‘चालू’ करायला आधी अधिकृत तंत्रज्ञाचं नाव भरावं लागतं, आणि ते नाव अजून कोणालाच माहीत नाही. मे महिन्यात बॅटरी बंद होती, तेव्हा ती अहवालात यशस्वी होती. आता ती चालते आहे, तर बंद आहे. अमरने विचारलं, “भाऊ, असं कसं ठेवता? दामिनीबाईले सांगून दुरुस्त करून घ्या ना.”

“राहू दे बंद,” उमाजीभाऊ म्हणाले. “ब्रह्मपुरीवाला पन आयकते ना इकडचं तिकडचं. येऊ दे त्याले मे महिन्यात. बसू दे सूर्य पाहत.”